दाण्यांमधली ओल

...नाही, उठू नकोस तिमोफी, बस. कोट नाही काढत मी, तुमच्या या फाटकावरच्या खोलीत शेगडी नुसती नावाला. आणि ते किरणं मोजायचं यंत्र खाली ठेव, आत्ताच गाडीतून उतरलेय, मला काय चिकटणार? हे घे, कोलिवो आणलंय, शिजवलेले गहू मध-खसखस घालून, नाझारच्या नावाचं. उद्या चाळिसावा दिवस ना, तो गेल्याचा. खा की, माझ्या लेकाबरोबर रोज डबा खायचास, आता लाजतोस काय! — कपडे वाटले त्याचे, चाळिसाव्याच्या आत वाटायचेच असतात, बूट शेजारच्या बोहदानला झाले, कोट पाद्रीबाबांच्या भाच्याला. एकच राहिलाय आणि तो तुमच्याकडे आहे, पिंपात बंद. करडा स्वेटर, बिनबाह्यांचा, मी विणलेला. तो वाटायचा नाहीये मला. तो मला हवाय.

माहितीये रे — सीझियम लागलंय त्याला! मला सांगतोस? अख्खी नोकरी मी त्या किरणोत्सारी घाण पाण्यातून सीझियम धरणारे दाणे तपासण्यात घालवली. तुझ्या आईच्या गाईला निळी पूड कोणी चारायला लावली होती, दूध निवळावं म्हणून? आम्हीच. आणि माझ्याच टेबलावर पुढे नाझार बसला. दाणे किरणांखाली ठेवायचा, महिनोन्‌महिने — किरणांनी दाणा थकतो का, धरलेलं सोडतो का, एवढंच बघायचं. नाही सोडलं! घरी नाचत आला, म्हणाला, आई, हे तुझ्याहून हट्टी आहेत गं. मी लाटणं उगारलं त्याच्यावर... हसू नकोस. हस, हस, तो पण असाच हसला होता.

पण प्रयोगशाळेत दाणे भट्टीत वाळवूनच घेतात रे. आम्ही सगळेच वाळवायचो — नाही वाळवले तर वजन खरं कसं लागणार? हातालाच सवय ती. आणि बाहेर पिंपात भरलेले वापरलेले दाणे? ओले. दाण्यांना काही झालं नाही, एक तडकला नाही, पण त्यांच्यामधल्या ओलीचं काय? किरणांपुढे पाणी टिकत नाही, फुटतं, वायू होतो, आणि वायू झाकणाखाली दबून बसतो. नाझारनं झाकण सैल केलं मात्र — छातीवरच बसलं ते. जाळ नाही, धूर नाही, चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. आता साहेब लोक म्हणतात, त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा. ओलीचा विचार कोण करतं? तू केला असतास? मी तरी केला असता का?

घरचं काही आत न्यायचं नाही, कळतं मला. लग्नाची अंगठीसुद्धा काढून ठेवायचा. हा एकच नियम मोडायचा, माझ्यासाठी — पांढऱ्या डगल्याखाली घाल, मीच म्हणायचे, कोण बघतंय. म्हणून स्वेटर अडकला तुमच्यात. पण निघतं रे सीझियम! मिठाच्या पाण्यात भिजवायचं, पिळायचं, ते पाणी दाण्यांतून गाळायचं, परत भिजवायचं. तुझ्यासमोर करते, यंत्र लाव, टकटकलं तर मी आले तशी जाते.

काय म्हणालास? — खरंच? तूच धुऊन देतोस? आतल्या हौदात... गरम पाण्यात, हो, साबण पण लागेल. तीनचारदा तरी धुवावा लागेल, मानेशी जास्तच, तिथं लोकर दाट आहे... मानेशी...

तिमोफी, त्याची उशी शेजारणींनी धुतली. पहिल्याच दिवशी, मला न विचारता, भलं करायला गेल्या बिचाऱ्या. चादर, टॉवेल, सगळं धुऊन, इस्त्री करून ठेवलं. मी कपाटात डोकं घालून बसते रे. नुसता साबणाचा वास येतो. तंबाखू नाही, त्याचा घाम नाही, माझं पोर घरात कुठेच नाही. म्हटलं, या स्वेटरमध्ये असेल... असेलच. कोणी धुतला नाहीये अजून.

आणि मीच आले तुला धुवायला सांगायला.

नको. नको धुऊस. ठेव परत पिंपात, तिथं तरी कोणी हात लावणार नाही त्याला. — वाटी राहू दे, मग दे. जा तू. जा म्हणते ना.