बांधलेला हात

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर एक मुलगी अर्धांगवायू झालेल्या वडिलांना पेल्यानं पाणी पाजत होती. शेजारच्या बाकावर एका शिंप्याची बायको नवऱ्याशी कुजबुजत होती.

“डावा हात दिवसभर बांधून ठेवला होता का, आतल्या मॅडम विचारतील. हो म्हणा.”

“खोटं बोलू? जेवताना रोज तूच सोडायचीस.”

“मग उपाशी ठेवू? चांगला हात बांधायचा, ही कुठली रीत?”

“मॅडमनी किती वेळा सांगितलं! मेंदूची डावी बाजू बिघडली, म्हणून उजवा हात अधू झाला. आता धड बाजूच सगळं उरकते, दुसरीला डोकं वर काढू देत नाही.”

“घास तोंडापर्यंत जात नाही तुमचा. बघवत नाही मला.”

“मग बघू नकोस! तीस वर्षं कात्री चालवली या उजव्या हातानं. तुझ्या मायेपायी गंजला तो.”

बायकोनं पिशवीतून पट्टी काढली.

“घट्ट बांध.”

“बांधतेय ना!”

मुलीनं वडिलांच्या ओठांना लावलेला पेला काढला आणि त्यांच्या अधू हातापाशी धरला.

“अगं, सांडेल.”

“सांडू दे, बाबा.”