इमानवाले साहेब

गुरुजी : तसं नको नागू. गाईंचं मागाहून सांग, आधी लढाई. साहेबांनी विमानं किती पाडली?

नागू : पाडली नाय. चालवली.

गुरुजी : ते ठाऊक आहे रे. उद्या पाचला शोकसभा, पंचायत समितीचे सभापती जातीनं येणार, आणि माझ्या भाषणात अजून 'कैलासवासी फ्लाइट लेफ्टनंट गुप्ते' यापुढं अक्षर नाही. बावीस वर्षं तू त्यांच्या गोठ्यावर. तुला नाही तर कोणाला ठाऊक असणार?

नागू : मला कंची गाय कवा व्याली ते ठावं हाय.

गुरुजी : ड्रॉइंग मास्तर पुठ्ठ्याचं विमान करतायत. सभापतींचीच कल्पना.

नागू : कंचे सभापती? आमच्या शेनाचा वास येतो म्हनून ज्यांनी मामलेदाराकडं अर्ज केलता, तेच?

गुरुजी : जुनं झालं ते.

नागू : आनि एक्काहत्तरच्या लढाईत साहेब भाषनाला उभं राहिले नाय, तवा शिळफाट्यावर चारचौघांत भेकड म्हनाले, ते बी जुनंच?

गुरुजी : माणूस गेला की सगळं जुनंच होतं. बरं, एवढं तरी सांग. लढाईत त्यांच्या हातून माणसं किती मेली?

नागू : एक.

गुरुजी : एकच?

नागू : बाई व्हती.

गुरुजी : बाई? शत्रूची?

नागू : कुनाची नाय. उपाशी व्हती. गुरुजी, लोकं त्यांना इमानवाले म्हनायचे, पन त्यांच्या इमानात बाँब नसायचा. तांदूळ असायचा. जपानच्या लढाईत ब्रह्मदेशाच्या डोंगरात आपली फौज अडकलेली, वाट नाय. इमान झाडांवरून न्यायचं आनि दारातून पोती लोटायची. एक दिस शिपायांसंगं गावची मानसं बी धावली. ती बाई म्होरं व्हती. पोतं तिच्यावर आलं.

गुरुजी : अरे देवा. साहेबांना वरून दिसलं?

नागू : वरून काय दिसतंय? दुसऱ्या दिशी फौजेनं रान तोडून पट्टी केली, तिथं जखमी शिपाई आनायला खाली उतरले, तवा कळलं. तिचं लेकरू दुसरीच्या कडेवर. आनि बाकीची मानसं सांडलेला तांदूळ वेचत बसलेली, तिच्या भवतीनं.

गुरुजी : हे कधी बोलले तुझ्यापाशी?

नागू : दोन वर्सांमागं, दुष्काळात. ठाकूरवाडीसाठी साहेबांनी तांदूळ आनलाता, आठवतं? वाडीखाली टेंपो लावला, लोकांची ही गर्दी. आपला गोठ्यावरचा चांगो टेंपोत वर उभा, त्यानं दिलं एक पोतं फेकून. साहेब कुठून धावले देव जाने. पोतं छातीवर घेतलं, खांद्याचं हाड मोडलं. पडल्या पडल्या वरडले, 'फेकू नका! हातात द्या!' बावीस वर्सांत तेवढंच एकदा वरडले.

गुरुजी : त्या दिवशी होतो मी तिथं.

नागू : मग तुमाला ठावं हाय लोकं काय बोलली ते.

गुरुजी : म्हणाली, गुप्ते कंजूष. पोतं फुटेल म्हणून जीव टाकला. हसले सगळे.

नागू : तुमी?

गुरुजी : मीसुद्धा.

नागू : रातभर हाड ठनकत व्हतं, तवा सांगितलं मला. मी बोललो, साहेब, मग गाई कशाला पाळल्या? तर म्हनाले, गाय खाली बघून चालते.

गुरुजी : नागू, हे मी उद्या सभेत कसं बोलू रे? सभापती वीर म्हणून गौरव करणार, आणि मी उठून सांगू की यांच्या हातून एक बाई मेली?

नागू : ते तुमी बघा. मी येनार नाय. पाचला धारा असतात.

(दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला. गोठ्यात.)

नागू : या गुरुजी. झाली सभा?

गुरुजी : झाली. सतरा विमानं पाडली.

नागू : साहेबांनी?

गुरुजी : सभापतींनी. टाळ्या काय थांबेनात.

नागू : आनि तुमी?

गुरुजी : लिहिलेला कागद खिशातच ठेवला. पोतं सांगितलं, ती बाई सांगितली. दुष्काळात मी हसलो होतो, तेही सांगितलं.

नागू : मग?

गुरुजी : मग काय, एक टाळी नाही. सभापती घड्याळ बघायला लागले. मला वाटलं, मेलेल्या माणसाची अब्रू घालवली आपण. खाली उतरणार, तेवढ्यात मागून ठाकूरवाडीची गोदूबाई उभी राहिली.

नागू : आपल्याकडं गवत कापायला येते ती? ती सभेत बोलली?

गुरुजी : एवढंच विचारलं, 'त्या बाईचं नाव काय व्हतं?' म्हटलं, नागूला विचारून सांगतो. ती अजून तिथंच, सभेबाहेरच्या पायरीवर बसलीय.

नागू : नाव साहेबांना बी ठावं नव्हतं, गुरुजी. लढाई सपल्यावर गेले व्हते इचारायला.

गुरुजी : ब्रह्मदेशात? परत?

नागू : व्हय. त्या जागी गावच नव्हतं.