खांबाखालचा माणूस

शीतल : हा अर्ज मी आवकला घेणार नाही, पांडुरंगदादा.

पांडुरंग : का गो? वीज खात्यात या टेबलावरची कारकून तूच ना? सही आहे, तारीख आहे.

शीतल : आणि मजकूर काय? ‘निलंबनाच्या सहा वर्षांचा पगार नको, स्वेच्छेने निवृत्ती द्यावी.’ कोर्टानं तुम्हाला निर्दोष सोडलं, त्याला अजून महिना नाही झाला.

पांडुरंग : मला सोडलं. सिद्धेश काही परत आला नाही. तुझा नवरा गेला त्या दिवसापासूनचा पगार, आणि तो तुझ्याच हातून घेऊ?

शीतल : बसा आधी. त्याच्या जागी मला ही नोकरी देत होते, तेव्हा मीही असंच म्हणत होते. मग लेकीला, गौरवीला, शाळेत घालायची वेळ आली. गुपचूप येऊन सही केली.

पांडुरंग : तुझं वेगळं.

शीतल : काय वेगळं? तुम्ही अर्ध्या पगारावर दिवस काढले. वहिनी पेडण्याच्या बाजारात भाजी घेऊन बसायच्या. मी लांबून बघायचे आणि दुसऱ्या वाटेनं जायचे.

पांडुरंग : रुक्मिणीला दिसायचं ते. म्हणायची, तिचा राग खरा आहे, तिला काही बोलू नका.

शीतल : लोकांनी सांगितलं तेच मी धरून बसले. वीज चालू असताना तुम्ही त्याला खांबावर चढवलं म्हणून. तुमच्या पगाराची टिपणी करायला गेल्या आठवड्यात निकाल हातात आला, तेव्हा पहिल्यांदा सगळा वाचला. लाइन तुम्ही बंद केलेली. हरमलच्या त्या गेस्टहाऊसच्या जनरेटरची वीज उलटी लाइनीवर आली. तिथली झाडूवाली साक्षीला होती ना?

पांडुरंग : होती.

शीतल : ती म्हणाली, हा माणूस ओरडला, ‘थांब रे, साखळी लावतो, मग चढ.’

पांडुरंग : ओरडलो गो. गाडी पंधरा पावलांवर. उलटी आलेली वीज जमिनीत उतरवणारी ती अर्थिंगची साखळी घेऊन वळलो, तर हा वर पोचलेला. गेस्टहाऊसवाले घाई लावत होते, पाहुणे उकडून निघालेत म्हणून. सिद्धेशला कोणाला नाही म्हणणं जमायचं नाही.

शीतल : घरीही तसाच होता.

(शीतल फाईल उघडून टिपणी पुढे करते.)

शीतल : साहेबांनी टिपणीवर सही केलीय. नुसता संशयाचा फायदा नाही, तुमचा दोषच नव्हता, असं निकालात स्पष्ट आहे. सहाही वर्षं तुम्ही कामावरच होता असं धरायचं. आता फक्त फिटनेसचा दाखला हवा.

पांडुरंग : हा घे. फिट लिहिलंय. डॉक्टरनं डोळे बघितले, प्रेशर बघितलं. हात नाही बघितले.

शीतल : हातांना काय झालं?

पांडुरंग : कापतात. तार दिसली की कापतात. घरातला दिवासुद्धा रुक्मिणी लावते. खांबावर चढायची भिरांत बसलीय मनात. ह्या दाखल्यावर रुजू झालो आणि वर असताना हात सुटला, तर माझ्याबरोबर अजून कोणाचं घर बुडेल. म्हणून तो अर्ज.

शीतल : मग हेच डॉक्टरना सांगायचं होतं. उद्या परत जा. ‘उंचीवरचं काम नको’ असं लिहून आणा. त्यात लाज कसली? खाली उभं राहणारा माणूसही लागतो, दादा. लाइन खरंच बंद आहे का, साखळी लागली का, हे बघणारा. कोणी कितीही घाई केली तरी तोवर कोणाला वर न सोडणारा.

पांडुरंग : माझ्या शब्दावर आता कोण चढणार गो?

शीतल : सोमवारी नवीन लाइन हेल्पर रुजू होतेय. आयटीआय केलेली मुलगी आहे. सेजल.

पांडुरंग : सेजल? सिद्धेशची धाकटी बहीण?

शीतल : तीच.

पांडुरंग : तिला माझ्याबरोबर देणार? आणि तुझी सासू? एक मुलगा गेला तिचा. ऐकून घेईल ती?

शीतल : निकाल मी त्यांना घरी वाचून दाखवला. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आज सकाळी चहा गाळता गाळता म्हणाल्या, पोरीला पांडुरंगाच्याच गाडीवर घाल.