मान हलवली तो गुरुवार

—नाय मॅडम, चेहरा माझाच हाय, आधारवरचं नलू नाव पण माझंच, ते मी कुठं नाय म्हणते—पण खातं माझं नाय. बसा ना. साध्या साडीत आलात ते बरं झालं, वर्दी बघून अख्खी चाळ दारात उभी राहिली असती. हे क्रिप्टो काय असतं ते आज तुमच्या तोंडून ऐकतेय. आणि जिथं ते खातं उघडलं त्या कंपनीनं तुमी विचारल्याबरोबर माझा फोटो, व्हिडिओ, सगळं पाठवून दिलं? कुठली कोण ती कंपनी, आणि तिच्याकडं माझा देव्हारा—कागद तुमीच धरा. फसवलेल्या त्या बाईंचे पैसे माझ्या नावावर आले म्हणता... पण कंपनीनं थोडे तरी अडवून धरलेत ना? मिळू देत बिचारीला. मी देवाला सांगीन.

हे बघा, फोटोत माझ्या मागं समई दिसते? पेटलेली हाय. म्हणजे गुरुवार. माझं व्रत हाय—गुरुवारी तिन्हीसांजेला दिवा लावला की तो शांत होईस्तोवर शब्द काढायचा नाय. माझ्या दीपिकासाठी. दोनदा पोटातलं गेलं पोरीचं, आता सातवा चाललाय. तर त्या दिवशी तो माणूस आला, कसल्याशा योजनेचा, फोन समोर धरला—मान इकडं करा, तिकडं करा, डोळे मिटा. केलं. फोनमधल्या मुलीनं विचारलं, खातं तुम्हीच वापरणार ना? मनात आलं, कसलं खातं? विचारलं असतं मॅडम, देवाशपथ. पण दिवा पेटलेला. मी मान हलवली. कंपनीला विचारा, माझा आवाज सापडायचा नाय त्यात. तो हसला पण—मम्मी, तुमचं मौन आज कामाला आलं—

मम्मी म्हणाला, हो. कोणीपण म्हणतं. भाजीवाला म्हणतो. नाव कुठं सांगितलं त्यानं, चहा प्यायला न् गेला, साखर जास्त लागते त्याला—म्हणजे लागत असेल. लिहू नका ते.

मुलगा नाय मला. दीपिका एकटीच, बेटेगावात दिलीय. जावई? कमलेश. कारखान्यात हायत, शिफ्ट असते. चांगले हायत हो. दोन्ही वेळा इस्पितळात तेच बसले होते तिच्या उशाशी, जेवले नाय. डॉक्टरांनी सांगितलंय, तिला धक्का बसता कामा नये. दोन महिने द्या मॅडम. बाळ हातात आलं की मी आपल्या पायानं पालघरला तुमच्या ठाण्यात येते, विचाराल ते सांगते.

काय? खातं कुठल्या फोनवरनं चालायचं ते पण कळवलं कंपनीनं? मग... नंबर माहीत हाय तर मला कशाला विचारता? मी फक्त मान हलवायची?

त्या दिवशी ते पण असंच म्हणाले होते.

आज वार कोणता, मॅडम? गुरुवारच ना. थांबा, काडेपेटी इथंच होती... ही बघा, सापडली. समई लावते. आता तुमी निघा. आज मी मान पण हलवणार नाय.