पितळेवर सोनेरी रंग

जमलेल्या मंडळींनो, आणि समोर बसलेल्या शांतावहिनी,

तुम्ही सगळे हातातली कामं टाकून आलात. वासुअण्णांवर तुमचा जीव होता, म्हणून आलात. मला मात्र आज इथं उभं राहणं जड जातंय. रडू येतंय म्हणून नव्हे. राग येतोय, आणि शोकसभेत माणसानं रागावू नये अशी आपली रीत आहे. ती रीत मी आज मोडणार आहे. वहिनी, तुम्ही मला माफ करा. बाकी कुणाच्या माफीची मला गरज नाही.

बाहेरचा फलक पाहिलात? 'रेल्वे संग्रहालयाचे शिल्पकार वासुअण्णा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यावर अण्णांचा फोटो तळहाताएवढा. स्टेशन सुशोभीकरण समितीच्या अध्यक्षांचा फोटो परातीएवढा. अध्यक्षसाहेब, गेलंय कोण?

हसू नका, मंडळी. हसण्यासारखं काही नाही.

अण्णा याच स्टेशनवर तिकीटबाबू होते. रिटायर झाल्यावर त्यांनी स्टेशनातली एक बंद पडलेली खोली मागून घेतली, आणि आपण दर रविवारी तिथं जमायला लागलो. पगार कुणालाच नव्हता. छोट्या लाइनच्या काळातल्या वस्तू लोकांच्या घरी पडून होत्या, त्या हळूहळू येऊ लागल्या. घनसावंगीचा एक शेतकरी गार्डाचा जुना कंदील मांडीवर घेऊन बसनं आला. अण्णांनी विचारलं, "घरी काय करत होता ह्याचं?" तो म्हणाला, "उसाला पाणी द्यायला नेत होतो, बाबूजी. आमच्या गावाला रेल्वे आलीच न्हाई. कंदील तरी स्टेशनावर जाऊ द्या."

अशा माणसांचं ते संग्रहालय होतं. कोणत्याही समितीचं नव्हतं.

अण्णा गोड होते असं खोटं मी बोलणार नाही. भयंकर चिडायचे. वस्तूला टेकून कुणी फोटो काढला की बाहेर! मलाही सोडलं नाही. "वकीलसाहेब, अंबडच्या कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्याला टेकता का तुम्ही? मंग इथं कशाला टेकून राह्यले?"

आणि ती घंटा. गाडी सुटताना वाजायची ती जुनी, जाड पितळेची घंटा. दर रविवारी आपल्या बाया घरून चिंच आणायच्या आणि ती घासायच्या. त्यात तोंड दिसायचं, इतकी लख्ख!

मग कोणीतरी बडे साहेब स्टेशन पाहायला येणार असं ठरलं. समितीनं रंगारी लावले. भिंती रंगवल्या, कुंड्या रंगवल्या, झाडांचे बुंधे रंगवले. रविवारी आम्ही खोली उघडली, तर घंटेला सोनेरी ऑइलपेंट! पितळेला, मंडळी, सोनेरी रंग!

अण्णा अध्यक्षांना म्हणाले, "हे काय करून ठेवलं?"

"अण्णा, चमकून राह्यली ना बराबर? साहेब येणार, जरा सोन्यासारखं दिसाया पाह्यजे."

"आधी काय शेणासारखी दिसत होती?"

"तुम्ही लई जुन्या डोक्याचे बुवा! खर्चा आम्ही केला, तुमचं काय गेलं?"

काय गेलं? हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर कळणारच नाही. अण्णांनी ब्लेड घेतलं आणि खरवडायला बसले. बाया बसल्या, मी बसलो. तर समिती म्हणाली, ही नासधूस आहे. खोलीला कुलूप लागलं. वस्तू हातगाडीवर घालून पार्सलच्या शेडात टाकल्या; घंटा, कंदील, सिग्नलचा लोखंडी हात, सगळं एकावर एक. खोलीत आता खास पाहुण्यांसाठी सोफे येणार आहेत, आणि आज मला कळलं की त्या दालनाला अण्णांचं नाव देणार आहेत. ज्या माणसाला खोलीतून काढलं, त्याचंच नाव दारावर! याला श्रद्धांजली म्हणायचं?

रंगामुळे अण्णा गेले, असं मी म्हणणार नाही. त्यांचं हृदय आधीच थकलं होतं. खोटा आरोप मी कोर्टात केला नाही, इथंही करणार नाही. खरा आरोप करतो.

परवा आपण अण्णांची राख सावडत होतो. वहिनी बाजूला बसल्या होत्या. अध्यक्षसाहेब लिंबाखाली फोनवर बोलत होते, आणि मी त्यांच्या मागे उभा होतो. ते म्हणाले, "हां, शेडातलाच माल. शोकसभा उरकली की जल्दी ट्रक लाव."

उरकली की!

मंडळी, जालन्यात भंगार कुठे जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. भट्टीत जातं. उद्या त्या कंदिलाची, त्या सिग्नलच्या हाताची सळई होईल आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गाडली जाईल. मग दालनात अण्णांचा फोटो लावा, हार घाला, सगळं बिलकुल झकास!

खाली बसा, अध्यक्षसाहेब. उठून जाऊ नका. माझं संपत आलंय.

वहिनींना मी सकाळी विचारलं, "हे सगळं सभेत बोलू का?" त्या म्हणाल्या, "बोला. पण नुसतं बोलून घरी जाऊ नका, भाऊजी."

म्हणून माझी विनंती ऐका. श्रद्धांजलीचं मौन आपण या सभागृहात पाळायचं नाही. इथून उठायचं आणि चालत स्टेशनवर जायचं. घोषणा नको, शिव्या नकोत, कुणाच्या अंगाला हात नको. पार्सलच्या शेडाच्या दारात खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, आणि तिथं अण्णांसाठी मौन पाळायचं.

किती वेळ, असं विचाराल. ट्रक रिकामा परत जाईपर्यंत.

चला, वहिनी. तुम्ही पुढे व्हा.