सोजराबाईचं सूप

जळबा : बंद कर ते. मोबाईलात दुसरीच कॅसेट भरलीस तू.

प्रमोद : तीच आहे, मामा. तुमच्या ओट्यावर बसून बाबा वाजवायचे, तुम्ही टेप केली होती ना, तीच. पुण्याला साफ करून घेतली.

जळबा : साफ म्हंजी?

प्रमोद : मागं सारखी खरखर होती. आत्याच्या सुपाचा आवाज. तो काढला. आता फक्त बाबांचं गिटार. त्याचा अल्बम केला.

जळबा : काढला.

प्रमोद : जॅझ ऐकणारे लोक म्हणतात, आखाडा बाळापुरात असा माणूस होता, आम्हाला पत्ताच नव्हता.

जळबा : कसा असंल? मुंबईच्या हाटेलात तुझा बाप सोनाजी वाजवायचा, तवा जेवणाऱ्यांनी ताटातून मान वर केली न्हाई. गावात आला तं लोक म्हनले, हे काय टुंगटुंग, जयंतीच्या मिरवणुकीत तरी चालंल का. तूबी सुट्टीत यायचा अन् कानात बोळे घालायचा. ऐकायला एक बहीण होती त्याला, माझी सोजरा.

प्रमोद : कव्हरवर आत्याचे आभार मानलेत मी.

जळबा : आभार काहून? ती वाजवून राहिली होती त्याच्यासंगं. तूर पाखडायची अन् हा मुद्दाम चाल मोडायचा, सूप चुकतं का बघायला. हिचं चुकायचं न्हाई. मंग तो गिटार थांबवायचा, मान हलवून म्हनायचा, आता तू. ती एकटीच पाखडायची.

प्रमोद : म्हणजे त्या मधल्या रिकाम्या जागा... लोकांनी त्याचंच जास्त कौतुक केलं, मामा. काय थांबतो माणूस, म्हणाले.

जळबा : माझी बायको पुसली, त्याचं कौतुक.

प्रमोद : मला माहीत नव्हतं.

जळबा : इचारलं का? दिवाळीपस्तोर जित्ती होती. जाऊ दे. माझी कॅसेट दे वापस. फोटू हाये तिचा, पण आवाज दुसरा कुठंच न्हाई.

प्रमोद : फीत जुनी होती. भरून घेतानाच तुटली.

जळबा : अन् भरून घेतलेलं?

प्रमोद : साफ झाल्यावर पहिलं पुसलं. खराब म्हणून.

जळबा : खराब.

प्रमोद : सूप असेल ना घरात? कुणाला तरी बसवू, परत भरून घेऊ.

जळबा : सूप हाये खुटीला. हात कुणाचे आणशील?

प्रमोद : चुकलं, मामा.

जळबा : लाव ते.

(मोबाईलवर गिटार वाजू लागतं, मधेच थांबतं.)

प्रमोद : बंद करू?

जळबा : राहू दे. वाट बघून राहिला तो तिची.