औंदाची पारध

शिकारबंदी कशी राबवायची, ते मला विचारा. कायदा नवा होता, मी गगनबावड्याकडं फॉरेस्टचा गार्ड होतो. शिमग्याला अख्ख्या गावानं पारधीला जायचं, ही तिथली रीत. पाटलांना तोंडावर सांगितलं, "औंदा शिकार बंद."

पाटील भडकले, "देवाची रीत मोडू व्हय?"

"मोडू नका. हलगी वाजवत रानात चला, मी बी येतो. बंदुका, भाले तेवढे देवळात ठेवा."

गेलो की सगळे! हलगीच्या आवाजानं जाळीतनं रानडुक्कर उठलं आणि थेट आमच्यावरच आलं. बघता बघता गाव झाडावर! पाटील माझ्याच फांदीला.

खाली डुक्कर फुरफुरत उभं. मी विचारलं, "पाटील, रीत झाली न्हवं?"

"झाली की! औंदा डुकरानं केली."